हेलिकॉप्टरचं इंजिन हवेत बंद पडलं तरी पंखा फिरतो कसा?

प्रश्न
एक व्हिडिओ बघितला, छोट्या चार सीटच्या हेलिकॉप्टरचं इंजिन गडबडलं आणि पायलटने ते चक्क शेतात उतरवलं, सगळे आपापल्या पायांनी चालत बाहेर आले. विमानाचं समजू शकतो, पंख आहेत, तरंगत येईल. पण ह्याचा पंखाच इंजिनवर फिरतो ना? मग इंजिन गेल्यावर धाडकन खाली यायला पाहिजे. हे नशीब की काही टेक्निक असतं? फॉर्म्युले नकोत प्लीज.

प्रतिसाद १
टेक्निकच आहे, ऑटोरोटेशन म्हणतात आणि ट्रेनिंगमध्ये घोटून घेतात. इंजिन आणि रोटरच्या (वरच्या मोठ्या पंख्याच्या) मध्ये फ्रीव्हील क्लच असतो, सायकलचं पेडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं ना तसंच, म्हणजे बंद पडलेलं इंजिन रोटरला धरून ठेवत नाही. मग हेलिकॉप्टर खाली येताना खालून वर जाणारी हवा पात्यांना फिरवत ठेवते. टेल रोटर (शेपटीवरचा छोटा पंखा) पण मेन रोटरच्या गिअरबॉक्सलाच जोडलेला असतो, त्यामुळे नाक डावी-उजवीकडे वळवणारे पायलटच्या पायातले पेडल चालू राहतात.

प्रतिसाद २
वरचं बरोबर आहे, पण हे आपोआप होत नाही हो. पायलटला कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन बदलणारा डाव्या हाताचा दांडा) ताबडतोब खाली करावा लागतो, कारण पात्यांचा कोन तसाच राहिला तर रोटरचा स्पीड भराभर पडतो. रॉबिन्सन कंपनीच्या छोट्या आर२२ हेलिकॉप्टरचा रोटर हलका, तिथे एक-दीड सेकंदाचा उशीर सुद्धा जास्त होतो. त्यांच्याच चार सीटच्या आर४४ मध्ये रोटरचा स्पीड नेहमीच्या 97 टक्क्यांवर आला की हॉर्न वाजायला लागतो, आणि स्पीड फारच पडून पाती स्टॉल झाली (हवेत उचल धरेनाशी झाली) तर मग काहीही करून परत येत नाही. खाली येण्याचा वेग मिनिटाला 1300-1500 फुटांच्या आसपास, म्हणजे हजार फुटांवर असलात तर मैदान शोधायला जेमतेम 40 सेकंद. त्यात विजेच्या तारा बघायच्या, वारा कुठून येतोय बघायचं. जमिनीजवळ आलं की नाक वर करून वेग कमी करायचा (फ्लेअर), मशीन लेव्हल करायचं आणि शेवटी कलेक्टिव्ह ओढायचा. रोटरमध्ये साठलेली ताकद तिथे एकदाच वापरता येते, लवकर ओढला तर वरूनच आपटणार.

प्रतिसाद ३
इंजिन का गडबडलं ते पण बघा. पिस्टन इंजिनवाल्या छोट्या मशीनमध्ये कार्ब्युरेटर आयसिंग हा जुना संशयित. बाहेर 20 डिग्री असलं तरी हवा दमट असेल तर पेट्रोलची वाफ होताना आत इतकं थंड होतं की थ्रॉटलजवळ बर्फ धरतो, पॉवर कमी करून उतरताना तर जास्तच. त्यासाठी कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) असते. आणि वैताग म्हणजे, तपासणारे येईपर्यंत बर्फ वितळून गेलेला असतो, शोधा आता पुरावा! आर४४ चं रेव्हन टू मॉडेल फ्युएल इंजेक्शनवालं आहे, तिथे कार्ब्युरेटरच नाही.

प्रश्नकर्ता
भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. मग जितकं खाली उडवू तितकं सेफ ना?

प्रतिसाद २
उलटं! शंभर-दोनशे फुटांवर एका जागी थांबलेलं असताना इंजिन गेलं तर वाईट, कारण वेगही नाही आणि उंचीही नाही, रोटरला खाणं मिळणार कुठून. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या मॅन्युअलमध्ये उंची विरुद्ध वेगाचा चार्ट असतो, त्यात हा टाळायचा पट्टा दाखवलेला असतो, पायलट लोक त्याला डेड मॅन्स कर्व्ह म्हणतात. पाच फुटांवर हॉवर करताना (एका जागी तरंगताना) गेलं तर मात्र कलेक्टिव्ह ओढून सहसा सांभाळता येतं.