मदत हवी आहे: बाबांना मागे बसवून फिरायला भोर-वाई-सातारा भागातले आडरस्ते सुचवा

नमस्कार मंडळी,

दसरा ते दिवाळी या काळात एक शनिवार-रविवार मोटारसायकलवर काढायचा आहे. हायवे शक्य तितका टाळायचा आहे. वळणावळणाचे, झाडीचे, कमी गर्दीचे रस्ते हवे आहेत. त्या भागात नेहमी फिरणाऱ्यांनी किंवा तिथेच राहणाऱ्यांनी जरा सविस्तर सांगावं ही विनंती.

थोडी पार्श्वभूमी देते, म्हणजे सुचवायला सोपं जाईल. मी धायरीला राहते. दोन वर्षांपूर्वी साडेतीनशे सीसीची सेकंडहँड बुलेट घेतली. आतापर्यंत एकटीनं किंवा मैत्रिणीबरोबर सिंहगड, पानशेत, मुळशी एवढंच झालंय. या वेळी मागे बाबा असणार आहेत. वय ७१. ते एसटीत चालक होते आणि नोकरीतली बरीच वर्षं भोरच्या बाजूला गेली. डोळ्यांमुळे आता गाडी चालवणं पूर्ण बंद केलंय. पण रस्त्याचा विषय निघाला की अजून हातानं स्टिअरिंग वळवून दाखवतात.

मी आधी ताम्हिणी घाट म्हणत होते. बाबांनी साफ नाही म्हटलं. सुट्टीच्या दिवशी तिथं रस्त्यापेक्षा गाड्याच जास्त दिसतात, असं त्यांचं मत आहे, आणि गेल्या पावसाळ्यात मी ते अनुभवलंही आहे. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला फार पटली. म्हणाले, "जिथं मुक्कामी गाडी जाते ना, तो रस्ता शोध." मुक्कामी गाडी संध्याकाळी तालुक्याहून सुटते, रात्रभर शेवटच्या गावात थांबते आणि सकाळी कॉलेजची पोरं, दवाखान्याला जाणारी माणसं घेऊन परत येते. रस्ता त्या गावात संपतो, म्हणून आरपार वाहतूक नसते. आणि बस जाते म्हणजे वळणं बसच्या मापाची असतात, मोऱ्या पक्क्या असतात, चढ गाडीला झेपणारा असतो. असले रस्ते नकाशात बघून कळत नाहीत. मोबाइल तर दोन गावांमधली बैलगाडीची वाटही तशाच निळ्या रेषेनं दाखवतो.

तर मी असा बेत आखलाय:

शनिवारी पहाटे धायरी, खडकवासला, खानापूर, तिथून पाबे घाट चढून वेल्ह्याच्या बाजूला उतरायचं. खिंडीतून राजगड आणि तोरणा दोन्ही दिसतात, तिथं बाबांना थोडं बसू द्यायचं. मग मार्गासनीवरून नसरापूर, तिथून कापूरहोळपर्यंत नाइलाजानं हायवे, आणि उजवीकडे वळून भोर. भोरहून आंबाडखिंडीनं मांढरदेवी आणि खाली वाई. वाईत मुक्काम.

रविवारी वाईहून पाचवड, कुडाळ, मेढा असं जावळीतून सातारा. वेळ उरला तर यवतेश्वर घाटानं कास आणि पुढे बामणोली. बामणोलीला रस्ता थेट शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या, पाण्यापाशी संपतो, पुढे वासोटा किल्ल्याकडे बोटीच जातात. म्हणजे हा अगदी बाबांच्या व्याख्येतला रस्ता. परत येताना हायवेवरचा खंबाटकी घाट नको म्हणून साताऱ्याहून वाठार स्टेशन, साल्पे घाट, लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड आणि बोपदेव घाटानं घरी.

आता माझे प्रश्न.

एक, रविवारचा पल्ला ७१ वर्षांच्या माणसासाठी फार होतोय का? बाबा "मला काय होतंय" म्हणतात, पण पानशेतहून परत आल्यावर त्यांना पायरी चढताना कठडा धरावा लागला, ते मी पाहिलंय.

दोन, भोर ते वाई हा घाट डबलसीट उतरण्याचा मला अनुभव नाही. गेल्या ऑगस्टमध्ये मी एकटी असताना एका घाटात घसरले होते. वेग वीसच्या आसपास. वरच्या शेतातून लाल चिखल वाहून वळणावर पसरला होता, त्यावर मी पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी सरळ आडवी झाली. क्लचचा दांडा वाकला, कोपर सोललं, बाकी काही नाही. शेतातल्या एका मावशींनी पळत येऊन गाडी उचलायला हात लावला आणि घरी नेऊन चहा दिला. पण तेव्हापासून उतारावर माझे खांदे ताठ होतात. मागे बाबा असताना असं होऊन चालणार नाही, म्हणून मनापासून विचारतेय.

तीन, बाबांना वरंध घाट बघायचा आहे. स्वारगेट-महाड गाडी त्यांनी त्या घाटातून नेली आहे. तो याच दौऱ्यात बसवावा की वेगळा ठेवावा?

आणखी एक सांगायचं राहिलं. आमचा आपसातला इशारा ठरलेला आहे. कंडक्टरच्या घंटीसारखा. खांद्यावर एक टिचकी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हेल्मेटमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, तेव्हा हा फार उपयोगी पडतो. कुणी वयस्कर माणसाला मागे घेऊन जात असेल तर जरूर करून बघा.

प्रतिसाद (वाईकर)

ताई, बेत चांगला आहे, पण रविवार खरंच जड होतोय. वाई ते सातारा ते बामणोली, मग परत सातारा आणि तिथून लोणंदमार्गे पुणे, म्हणजे दिवसभर बूड सीटवरून उठणार नाही. माझं ऐकाल तर कास-बामणोली या खेपेला सोडा. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात नाव गेल्यापासून फुलांच्या हंगामात कासला रविवारी काय गर्दी असते ते वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर सरत आला की फुलंही संपत येतात.

त्याऐवजी तुमच्या बाबांच्या व्याख्येतला रस्ता वाईलाच आहे. जोर. वाईहून मेणवली, धोम धरण आणि पुढे कृष्णेच्या खोऱ्यातून बलकवडी धरणावरून जोर गावापर्यंत. गाव महाबळेश्वरच्या कड्याखाली आहे आणि रस्ता तिथंच संपतो. डाव्या-उजव्या हाताला डोंगर जवळ येत जातात, तसतसं खोरं अरुंद होतं. सकाळी आठच्या आत गेलात तर तासाभरात मोजक्या दुचाकी आणि दुधाचे कॅन दिसतील, बाकी शांत.

मेणवलीला नक्की थांबा. नाना फडणविसांचा वाडा आणि मागे नदीचा घाट. तिथं टांगलेली मोठी घंटा वसईच्या पोर्तुगीज चर्चमधली आहे, १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आणलेली. बाबांना पायऱ्यांवर बसायलाही छान सावली मिळते.

मांढरदेवीबद्दल: पौर्णिमा, अमावास्या, मंगळवार, शुक्रवार टाळा, शनिवार सकाळ ठीक. पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या दिवसांत त्या रस्त्याला जाऊच नका. घाट वाईट नाही, पण वळणं एकामागून एक येतात. वरून वाईचं खोरं दिसायला लागलं की लोक चालवता चालवता बघत बसतात. थांबून बघा.

प्रतिसाद (जुना रायडर, कोथरूड)

उताराबद्दल लिहितो. तुम्ही ज्या ब्रेकनं पडलात तो ब्रेक वाईट नव्हता, जागा चुकली. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना लावायचा. वळणात शिरल्यावर दोन्ही हात शांत. चिखल, खडी, शेवाळ दिसलं तर पुढच्या ब्रेकला हात न लावता मागच्यावर हळूच वेग उतरवा आणि गाडी जितकी उभी ठेवता येईल तितकी ठेवा. नजर खड्ड्यावर ठेवू नका, वळण जिथं सुटतं तिथं ठेवा. गाडी नजरेमागे जाते.

उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे बरेच असतात. तसं कधीही करू नका. इंजिनानं धरून ठेवलं की ब्रेकवर भार येत नाही. सतत ब्रेक दाबून उतरलात तर तो तापतो आणि नेमका खालच्या वळणावर दगा देतो.

दुसरं, डबलसीट जाताना मागचे शॉकॉब्सर एक-दोन खाचा घट्ट करून घ्या. गाडीच्या पुस्तिकेत मागे माणूस असतानाची हवा वेगळी दिलेली असते, ती भरा. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि मग गाडी वळणात मागून बसल्यासारखी वाटते. निघायच्या आदल्या दिवशी बाबांना घेऊन सिंहगड रस्त्यावर एक फेरी मारा, वजनाचा अंदाज येईल. वळताना त्यांनी तुमच्याच बाजूला झुकायचं, उलट नाही. आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाला मागे बसून नुसतं झुकायचं हे जमायला जरा वेळ लागेल.

खांदे ताठ होण्यावर एकच उपाय, दर अर्ध्या तासानं थांबणं. मी बावीस वर्षं चालवतोय आणि अजून थांबतो.

प्रतिसाद (भोरचा)

वरंध वेगळा ठेवा, असं माझं स्पष्ट मत. दरडीमुळे पावसाळ्यात तो बऱ्याचदा बंद ठेवतात आणि पाऊस संपल्यावरही दुरुस्तीची कामं चालतात. निघायच्या आधी प्रशासनाचा आदेश बघा किंवा सरळ भोर स्टँडवर वाहतूक नियंत्रकांना विचारा. गाड्या सोडतायत का नाही, यापेक्षा खात्रीची बातमी दुसरी नाही.

जाल तेव्हा भोरलाच टाकी फुल करा. नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेनं रस्ता बराच वेळ जातो, तो भाग मला घाटापेक्षाही आवडतो. वाघजाईच्या देवळापाशी भजी-चहाच्या टपऱ्या आहेत. माकडं हातातलं घेऊन जातात, पिशवी उघडी ठेवू नका. खाली उतरल्यावर शिवथरघळीचा फाटा लागतो. बाबांना मुक्कामी रस्ते हवे असतील तर आमच्याकडे भुतोंडे आहे. भाटघर धरणाच्या पाण्याला धरून वेळवंडीच्या खोऱ्यात आत आत जातो. अर्धा दिवस काढायला फार सुंदर.

आणि लोणंदच्या रस्त्यानं परतताना अंधार करू नका. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की उसाच्या जोड-ट्रॉल्या रस्त्यावर येतात. मागे दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. संध्याकाळी म्हशी घरी येतात, त्याही डांबरावरच.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना बाबांना सगळे प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवले. ब्रेक आधी, वळण नंतर हे ऐकून म्हणाले, "ज्या गेरात चढलीस त्याच गेरात उतर, बाकी सगळं त्यातच आलं." वाहतूक नियंत्रकांना विचारायचं वाचल्यावर लगेच फोन काढला आणि भोरच्या एका जुन्या सहकाऱ्याला लावला. पाऊण तास बोलत होते. त्यातली दहा मिनिटं रस्त्याबद्दल असतील.

कास-बामणोली रद्द. रविवारी सकाळी जोर, मेणवलीला थांबून वाईत जेवण, आणि दुपारी दोनच्या आत परत निघायचं. जावळीचा वळसा आणि लोणंदही सोडलं. आलो त्याच रस्त्यानं मांढरदेवी-भोरवरून परत यायचं ठरलंय, म्हणजे उतरलेला घाट चढायलाही मिळेल. बाबांना एकाच रस्त्यानं जाऊन-येऊन करण्याचं काही वाटत नाही. त्यांच्या मते जातानाचा रस्ता आणि येतानाचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते असतात, उजेडाची बाजू बदलते.

शॉकॉब्सर मेकॅनिककडून दोन खाचा घट्ट करून घेतले. मागे टेकायला आधार बसवायचा होता, पण बाबा ऐकेनात. शेवटी त्यांच्यासमोर काही न बोलता बसवून आणला. बसून बघितलं, पाठ टेकली आणि "बरा आहे" म्हणाले.

भुतोंडे आणि वरंध पुढच्या महिन्यात. फक्त एक विचारायचं राहिलं. शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो तर पाबे खिंडीत सात-सव्वासातला पोचू. तोपर्यंत खानापुरात गरम चहा कुठे मिळतो का? बाबांची गोळी काहीतरी पोटात गेल्यावरच घ्यायची असते.

प्रतिसाद (जुना रायडर, कोथरूड)

खानापूर चौकात पहाटे दूधवाले आणि भाजीवाले असतात, चहाची टपरी चालू असते. पण गोळीचा प्रश्न टपरीवर सोडू नका, घरून दोन पोळ्या घेऊन निघा. परत आलात की पाबे आणि मांढरदेवीच्या वळणांवर खडी-चिखल कुठं आहे ते इथंच लिहा. नोव्हेंबरमध्ये मलाही माझ्या सासऱ्यांना घेऊन जायचं आहे.