हातातला दोन वॉटचा लेसर: "गॉगल घातला की विषय संपला"?

तिरका_किरण
काल सोल्डरराजा यांनी आपल्या नव्या लेसरचे फोटो टाकले. ४४५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा डायोड, ॲल्युमिनियमची नळी, आत १८६५० चा लिथियम सेल, ताकद दोन वॉट. फुगा फोडला, काडी पेटवली, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण एकाने धोक्याचं विचारलं तर उत्तर आलं, "गॉगल घातला की विषय संपला. बाकीचे उगाच बाऊ करतात." हे वाचून राहवलं नाही. तिथे नवखी मुलंही वाचत असतात, म्हणून वेगळा धागा काढतोय.

गॉगल तुमच्या नाकावर. दार उघडून आत येणाऱ्याचं काय? हातातल्या लेसरला ठरलेली वाट नसते. मनगट जरा वळलं की किरण खोलीभर फिरतो, आणि वाटेत दाराची कडी, अंगठी, स्टीलची बाटली, खिडकीची काच, काहीही येतं. साध्या काचेचा एक पृष्ठभाग समोरून पडलेला सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. दोन वॉटचे ४ टक्के म्हणजे ८० मिलीवॉट. पॉइंटरची मर्यादा ५ मिलीवॉट धरतात. म्हणजे काचेवरून नुसता परतलेला किरण त्याच्या सोळापट.

"पापणी मिटतेच की" असंही कुणी लिहिलंय. मिटायला पाव सेकंद लागतो, आणि तो हिशेब १ मिलीवॉटपर्यंतच्या क्लास २ साठी धरलेला आहे. क्लास ४ ला, म्हणजे धोक्याच्या सगळ्यात वरच्या वर्गातल्या अशा लेसरला, पाव सेकंद म्हणजे भरपूर वेळ. डोळ्याचं भिंग तो किरण दृष्टिपटलावर इतक्या बारीक ठिपक्यात गोळा करतं की त्याची दाटी लाखपट होते. त्यातून निळा डोळ्याला फिका दिसतो, तेवढ्याच ताकदीच्या ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्यापुढे साधारण तीसपट फिका. बघणाऱ्याला वाटतं, हा तर सौम्य आहे. हे सगळं ठाऊक असणाऱ्या माणसाने "विषय संपला" लिहावं याचा राग आला.

सोल्डरराजा
किरणराव, माझं एक वाक्य उचललंत आणि बाकीचं सोडून दिलंत. त्याच पोस्टमध्ये लिहिलंय की खोलीला आतून कडी असते, लेसरला किल्लीचा स्विच आहे, समोर काळी केलेली वीट ठेवतो आणि गॉगल ४४५ ला ओडी ५ चा आहे (ओडी म्हणजे काच प्रकाश किती अडवते त्याचं माप). म्हणजे एक लाखावा भाग आत येतो. दोन वॉटचे ०.०२ मिलीवॉट. हा हिशेब तुम्ही का नाही मांडलात?

अँगल ग्राइंडरनेही बोटं जातात, म्हणून कुणी ग्राइंडर बाळगणाऱ्याला गुन्हेगार ठरवत नाही.

आणि खरा धोका कुठे आहे ते सांगतो. खेळण्याच्या भावात मिळणारे हिरवे पॉइंटर. आत ८०८ नॅनोमीटरचा, स्फटिकाला ऊर्जा पुरवणारा पंप डायोड, तो व्हॅनाडेट स्फटिकातून १०६४ चा इन्फ्रारेड काढतो आणि केटीपी हा दुसरा स्फटिक त्याचा ५३२ चा हिरवा करतो. इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर गाळला की काही पैसे वाचतात, म्हणून गाळतात. अमेरिकेच्या निस्ट या मोजमापांच्या सरकारी संस्थेने २०१० मध्ये असा एक तपासला. लेबलवर १० मिलीवॉट, हिरवा मंद, आणि जवळपास २० मिलीवॉट अदृश्य इन्फ्रारेड बाहेर. त्याला पापणीही मिटत नाही, कारण दिसतच नाही. ते मुलांच्या हातात चालतं, आणि आम्ही मोजूनमापून बनवतो तर आमच्यावर धागे निघतात.

ध्रुवमत्स्य
हिरव्या पॉइंटरचा विषय निघालाच आहे तर मलाही बोलू द्या. आकाशदर्शनात तारा दाखवायला ५ मिलीवॉट पुरतो. हवेतले रेणू प्रकाश विखुरतात, अंधारात रेघ वरपर्यंत दिसते. पण हल्ली चार जण चार दिशांना रेघा मारत असतात. मी एका आकाशगंगेवर तासभर कॅमेरा लावून बसतो आणि फ्रेममधून हिरवा पट्टा जातो. सांगितलं तर उत्तर मिळतं, "आकाश तुमचं एकट्याचं आहे का?"

लोक जास्त ताकदीचा का घेतात तेही सांगतो. थंडीत हे पॉइंटर मंदावतात, कारण पंप डायोडची तरंगलांबी स्फटिकाला हवी त्यावरून सरकते. उपाय साधा आहे. पॉइंटर आतल्या खिशात ठेवायचा, लागेल तेव्हा काढायचा. त्याऐवजी पुढच्या वेळी माणूस दोनशे मिलीवॉटचा घेऊन येतो.

विमानाचं तर कुणी बोलतच नाही. कॉकपिटच्या काचेवरच्या बारीक ओरखड्यांमुळे ठिपका अख्ख्या काचेवर पसरतो आणि वैमानिकाला बाहेरचं काही दिसेनासं होतं. अमेरिकेत २०१२ पासून विमानावर लेसर रोखणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, ब्रिटनने २०१८ मध्ये वेगळा कायदा केला. तरी प्रकार चालूच आहेत. पण म्हणून बंदी? नको. माझा ५ चा पॉइंटरही त्यात जाईल.

तिरका_किरण
बंदी मी मागितलेलीच नाही, वर जाऊन वाचा.

सोल्डरराजा, इन्फ्रारेडचं खरं आहे. पण त्याने तुमचं वाक्य अजूनच लंगडं पडतं. ५३२ साठीचा गॉगल ८०८ आणि १०६४ आरपार जाऊ देऊ शकतो. तुमचा ४४५ चा नारिंगी गॉगल ६५० च्या लाल लेसरपुढे काही कामाचा नाही. म्हणजे कुठला गॉगल, कुठल्या तरंगलांबीला, किती ओडी, हे सांगितल्याशिवाय "गॉगल घातला" याला अर्थ नाही. पोरं लेसरसोबत फुकट येणारा हिरव्या प्लास्टिकचा चष्मा घालतात आणि त्यालाच गॉगल म्हणतात.

सोल्डरराजा
म्हणूनच मी पॉवर मीटर घेतला. लेबलावर विश्वास ठेवणारा माणूस या छंदात नसावा. निस्टनेच २०१३ मध्ये १२२ पॉइंटर मोजल्याचं जाहीर केलं. हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लालपैकी ४४ टक्के नियमात बसले नाहीत. तुमच्या मर्यादांनी काय साधलं? विकणारा लेबलवर '५ पेक्षा कमी' छापतो आणि आत पन्नास भरतो. ऑस्ट्रेलियाने २००८ पासून १ मिलीवॉटच्या वरच्या हँडहेल्डची, म्हणजे हातात धरायच्या लेसरची, आयात अडवली. कायदा कडक झाला की मोठे आकडे लेबलवरून जातात, नळीतून जात नाहीत. उलट ज्यावर दोन वॉट लिहिलंय तो माणूस जपून तरी धरतो.

सांजवात
मी इथे फारसं लिहीत नाही. माझ्या भाच्याचं सांगते. वर्गातल्या एका मुलाने पॉइंटर आणला होता, लेबलवर '५ पेक्षा कमी'. पैज लागली, कोण जास्त वेळ बघतो. भाचा जिंकला. दुखलं नाही काहीच. दुसऱ्या दिवशी म्हणाला, वाचताना मधलं अक्षर गायब होतंय. डॉक्टरांनी चौकटींचा तक्ता समोर धरला, एक डोळा झाकून. कडेच्या रेघा सरळ, मधल्या ठिपक्याजवळच्या आत ओढल्यासारख्या वाकलेल्या, आणि त्याच्या मध्ये एक राखाडी डाग. स्कॅनमध्ये नेमकी मॅक्युला, दृष्टिपटलाचा मधला बारीक बघणारा भाग, जळालेली निघाली. आता तो उजव्या डोळ्याने वाचताना मान तिरपी करून अक्षर डागाच्या बाजूला आणतो. तेरा वर्षांचा आहे.

सोल्डरराजा
वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण ताई, मी वर तेच म्हणतोय, तो खोट्या लेबलाचा स्वस्त...

सांजवात
'पण' लावू नका. त्या मुलाने तो कुठून आणला? घरातल्या मोठ्याच्या खणातून. त्या मोठ्या माणसालाही वाटत होतं की आपण जपून वापरतो. तुमची किल्ली रात्री कुठे असते?

तिरका_किरण
ताईंच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या. आणि हेही सांगा. कायमचं आंधळं करण्यासाठीच बनवलेली लेसर शस्त्रं युद्धातसुद्धा वापरायची नाहीत, असा करार देशांनी १९९५ मध्ये केला. एकमेकांवर बॉम्ब टाकणाऱ्यांनाही हे अति वाटलं. आणि तुम्ही तेवढी ताकद खिशात घालून हिंडता.

सोल्डरराजा
आता हद्द झाली. मी कुणाला आंधळं करायला बनवलाय का? मला थेट युद्धगुन्हेगारांच्या रांगेत बसवलंत. हीच भाषा चालणार असेल तर मला बोलायचं नाही. किल्ली माझ्या गळ्यात असते, ताई. रात्रीसुद्धा. सेल काढून वेगळ्या कपाटात.

बोल्टनट
दोघेही जरा थांबा. मी प्रकाशशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, रोज क्लास ४ सोबत. आमच्याकडे लेसर टेबलाला बोल्टने आवळलेला असतो. किरण टेबलाला समांतर, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या बराच खाली. खाली पडलेला स्क्रू उचलायचा तर आधी शटर बंद, कारण वाकलं की डोळा किरणाच्या उंचीवर येतो. आत जाताना घड्याळ आणि अंगठी काढून ठेवायची. दार उघडलं की इंटरलॉक लेसर बंद करतो. आणि एवढं सगळं करून वर गॉगल. तो शेवटी येतो, कारण बाकीचं चुकलं तरच त्याची गरज पडायला हवी.

सोल्डरराजा, तुमची वीट, कडी, ओडी ५, सगळं बरोबर आहे. पण हे करून लेसर हातातच का? एक वॉट, एक मिलीरेडियन पसरण (मीटरमागे एक मिलिमीटर रुंदावणं) धरा, थेट किरण डोळ्याला साधारण सव्वादोनशे मीटरपर्यंत धोक्याचा. तुमची वीट एका दिशेला आहे. हात सगळ्या दिशांना वळतो.

ध्रुवमत्स्य
आणि वर रोखला तर त्याच्या कितीतरी पुढे, काही किलोमीटरवरही वैमानिकाला दिपवतो. हे मी आधीच म्हटलं होतं.

सोल्डरराजा
बोल्टनट यांनी आरोप न करता मुद्दा मांडला म्हणून उत्तर देतो. हातात धरायची गरज नाही, हे मान्य. नळी क्लॅम्पमध्ये धरून डबीत बसवता येईल, झाकणाला मायक्रोस्विच लावता येईल, झाकण उघडलं की लेसर बंद. जाळणं-कोरणं तसंही बाकावरच होतं. पुढचा बाकावरचाच बनवीन. "विषय संपला" हे वाक्यही काढून तिथे गॉगलची तरंगलांबी आणि ओडी लिहितो. पण हँडहेल्ड बाळगणारा प्रत्येक जण बेजबाबदार, हे मी मान्य करणार नाही. आणि करारावरचं ते वाक्य किरणरावांनी मागे घ्यावं.

तिरका_किरण
तुमच्या हेतूबद्दल बोलायचं नव्हतं, तेवढं मागे घेतो. ताकदीबद्दलचं नाही.

सांजवात
मला एवढंच विचारायचंय, घरात जुना हिरवा पॉइंटर असेल तर तो ठीक आहे की नाही हे कसं ओळखायचं? भावाकडे अजून एक आहे.

सोल्डरराजा
जवळ कुणाकडे मीटर असेल तर मोजून घ्या. मी असे मोजून देतो.

बोल्टनट
सोल्डरराजा, तुमचा मीटर थर्मल, म्हणजे उष्णतेवरून ताकद मोजणारा, आहे ना? मग तो ८०८ आणि १०६४ सकट बेरीज दाखवतो. मध्ये इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर धरून पुन्हा मोजा, दोन आकड्यांचा फरक पाहा. फरक मोठा निघाला तर तो पॉइंटर बाद. ताई, मीटर नसेल तर सेल काढा आणि ई-कचऱ्यात द्या, मुलांच्या हाती लागण्याआधी.

ध्रुवमत्स्य
आणि नवा घेतलात तर आकाशदर्शनाच्या मैदानावर आणू नका. माझा कॅमेरा असतो तिथे.