मदत हवी आहे : पोर्शे 936 च्या शर्यतींचा इतिहास

टर्बो इंजिनाच्या गाडीने फ्रान्समधील ल मान्सची 24 तासांची मोटार शर्यत पहिल्यांदा जिंकली ती 1976 मध्ये, आणि ती गाडी होती पोर्शे 936. मला मात्र 1977 चा विजय अधिक मोलाचा वाटतो. स्वतःची गाडी बंद पडल्यावर चालक जॅकी इक्स हा बार्थ आणि हेवूड या संघातील दुसऱ्या चालकांच्या गाडीत बसला, जी बरीच मागे पडली होती, व रात्रभर झुंजून त्याने ती आघाडीवर आणली. शेवटी पिस्टन निकामी झाल्यावर मेकॅनिकांनी तो सिलिंडर बंद केला आणि बार्थने उरलेल्या पाचांवर अखेरच्या फेऱ्या पूर्ण केल्या.

1981 मध्ये हीच जातकुळी, मूळ अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या शर्यतीसाठी आखलेल्या 2.65 लिटर इंजिनासह, पुन्हा जिंकली. या तिन्ही विजयी गाड्यांचे चॅसी क्रमांक (गाडीच्या सांगाड्याचे ओळख क्रमांक) आणि त्यांनी भाग घेतलेल्या इतर शर्यती यांची त्या काळच्या कागदपत्रांवर आधारलेली माहिती कोणाकडे असल्यास कृपया कळवावी.