बोअर पुनर्भरणाचा फिल्टर तुंबतोय, मदत हवी आहे (सोलापूर)

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरातली 12 फ्लॅटची इमारत, गच्ची 400 चौरस मीटर. वर्षाला 500 मिमी पाऊस धरला आणि 20 टक्के वाया गेला, तरी 1,60,000 लिटर पाणी मिळतं. ते गाळून बोअरमध्ये सोडतोय. गाळणीचा खड्डा 1 मीटर लांब-रुंद, दीड मीटर खोल. तळाला 40 मिमी खडी, मग 20 मिमी, वर जाड वाळू.

अडचण अशी, की अंगणातलं पाणीही त्याच खड्ड्यात येतं. काळ्या मातीचा गाळ वाळूवर साय धरतो आणि दोन जोरदार पावसांत पाणी वरून वाहू लागतं. वाळूवर नायलॉन जाळी टाकावी, की आधी गाळ बसायला वेगळी टाकी बांधावी? माझा कल टाकीकडे आहे. जाळी रोज कोण धुणार! गच्चीचं पहिलं 400 लिटर पाणी (म्हणजे 1 मिमी) बाहेर सोडायला पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) आणि व्हॉल्व्ह पुरेल ना?

दुसरं, न्हाणीचं सांडपाणी बोअरमध्ये सोडणार नाहीच, फ्लशला वापरायचंय. पण एका दिवसात वास सुटतो. साठवण कमी करावी, की हवा सोडणारा छोटा पंप लावावा? कुणी केलं असेल तर मापांसह सांगा.