वीस मार्चचं उभं अंडं, आणि वसंतात पानगळ का?

घोडबंदर_किलबिल

मंडळी, सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षीचा फॉरवर्ड येऊन पडला आहे. '२० मार्चला दिवस-रात्र समान, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाचा समतोल साधतो आणि अंडं आपोआप उभं राहतं.' त्या दिवशी दुपारी गच्चीवर मुलांना हे करून दाखवायचा घाट आहे. अंडं खरंच उभं राहतं का, आणि पोरांसमोर फजिती होऊ नये म्हणून काय करावं? दुसरं, अंड्याव्यतिरिक्त त्या दिवशी गच्चीवर दाखवण्यासारखं आणखी काही आहे का? आणि तिसरी शंका एका आठवीतल्या मुलीची, तिला उत्तर देता आलेलं नाही: पुस्तकात वसंतात पालवी फुटते, मग आपल्या कंपाउंडमध्ये आत्ताच रोज चार पोती पाला कसा पडतो?

---

अर्धा_कप_चहा

अंडं उभं राहतं. २० मार्चलाही राहतं आणि १२ ऑगस्टलाही. विषुवदिनाचा, म्हणजे दिवस-रात्र समान मानतात त्या दिवसाचा, त्याच्याशी संबंध एवढाच की त्या दिवशी लोक प्रयत्न करतात.

कवच हाताला गुळगुळीत लागलं तरी त्यावर बारीक उंचवटे असतात. त्यातले तीन उंचवटे तिपाईसारखे टेकले आणि अंड्याचा गुरुत्वमध्य त्या इवल्याशा त्रिकोणावर आला की झालं. सूर्य विषुववृत्तावर आहे की मकरवृत्तावर, याची अंड्याला खबरही नसते.

गोष्टीचा उगम मात्र गमतीचा आहे. चिनी पंचांगात वसंतारंभ ४-५ फेब्रुवारीला येतो आणि अंड्याची समजूत मुळात त्या दिवसाची. १९४५ साली एका अमेरिकी साप्ताहिकाने चीनमधली ही गंमत छापली. पुढे अमेरिकेत 'वसंताचा पहिला दिवस' म्हणजे विषुवदिन, म्हणून अंडं दीड महिना पुढे सरकलं. १९४७ साली जपानमध्ये हिमकणांचे अभ्यासक उकिचिरो नाकाया यांनी अंडी उभी करून आणि गणित मांडून दाखवलं की हे कुठल्याही दिवशी जमतं. फॉरवर्डवाल्यांपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे.

आता कृती. माणशी दोन अंडी धरा, कारण एखादं अंडं हट्टी निघतंच. फ्रिजमधून तासभर आधी काढा. आपल्या दमट हवेत थंड अंड्याला घाम येतो आणि ओलं कवच निसटतं. पुसून कोरडं करा. रुंद बाजू खाली. पॉलिश केलेला ग्रॅनाइटचा ओटा किंवा काच ही सगळ्यात वाईट जागा. खरखरीत कडप्पा किंवा बिनपॉलिशची फरशी चांगली. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा, दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीत अंडं हलकं धरा आणि मिनिटभर काही करू नका, आतला बलक स्थिरावू द्या. मग केसभर इकडे, केसभर तिकडे. अंडं एका बाजूला झुकायचं थांबलं असं बोटांना जाणवलं की बोटं बाजूला न ओढता हळूच सैल सोडा.

पाच-दहा मिनिटं लागतात. बहुतेकांचं बिघडतं ते दोन कारणांनी: बोटं झटक्यात काढतात, आणि पंखा चालू असतो. मार्चमध्ये ठाण्यात पंखा बंद करून दहा मिनिटं बसणं हा या प्रयोगातला खरा अवघड भाग. गच्चीवर तर वारा असतो, तेव्हा अंड्याचा कार्यक्रम जिन्याच्या खोलीत उरका.

चिमूटभर मिठावर अंडं उभं करून मीठ फुंकून टाकणं ही लबाडी. पण सगळं फसलं तर लहान मुलांसाठी चालेल.

---

ओळंबा

वरच्या उत्तराला अनुमोदन. पण विषुवदिनाला गच्चीवर अंडी घेऊन जाणं म्हणजे पंढरपूरला जाऊन फक्त मिसळ खाऊन येणं. त्या दिवशी पाहायची असते सावली.

साहित्य: बरोबर १ मीटरची सरळ काठी, रेतीने भरलेली बादली, दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा, खडू, टेप. काठी बादलीत रोवा आणि फरशीपासून टोकापर्यंतची उंची १ मीटर भरेल असं पाहा. इथेच पहिली चूक होते. गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. काठी फरशीशी काटकोनात लावली तर तीही उताराबरोबर कलते, आणि शंभरात एक उतार असला की टोक १ सेंमी सरकतं. म्हणून गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) नको, ओळंबाच. दोन बाजूंनी बघून काठी दोऱ्याशी समांतर करा. जागा पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला निवडू नका, दुपारची सावली उत्तरेकडेच पडते.

आता वेळ. घड्याळातले बारा म्हणजे ठाण्याचे खरे बारा नव्हेत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि ठाणे आहे ७३ च्या किंचित अलीकडे. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३८ मिनिटांचा उशीर. शिवाय मार्चच्या त्या दिवसांत सूर्य सरासरी वेळेच्या साडेसात मिनिटं मागे असतो. एकूण ठाण्याची खरी मध्यान्ह येते १२ वाजून ४६ मिनिटांच्या सुमारास. बाराला मोजून 'फॉर्म्युला चुकला' म्हणणारे फार.

साडेबारापासून एक वाजेपर्यंत दर ५ मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूचा ठिपका द्या. टोक दर वेळी सव्वादोन-अडीच सेंमी पूर्वेकडे सरकेल. सगळ्यात आखूड सावली साधारण ३५ सेंमी भरली पाहिजे. ही लांबी भागिले काठीची लांबी, म्हणजे ०.३५, कॅल्क्युलेटरवर टॅनचं उलट (tan⁻¹) केलं की १९ अंश आणि थोडं वर. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या डोक्यावर असतो, म्हणून हाच तुमच्या गच्चीचा अक्षांश, बादली आणि खडूने काढलेला. नेरूळला हाच प्रयोग केला तर सावली सुमारे ३ मिलिमीटर आखूड येईल, पण तेवढ्यावरून वाद घालू नका. सूर्य बिंदू नाही, तबकडी आहे, त्यामुळे १ मीटर काठीच्या सावलीची कड सेंमीभर धुरकटच असते. अचूकपणा हवाच असेल तर टोकाला पेन्सिलीने भोक पाडलेला पुठ्ठा आडवा चिकटवा, भोक १ मीटर उंचीवर येईल असा. मग कड शोधायची गरज नाही, प्रकाशाच्या ठिपक्याचा मध्य धरायचा.

खरी मजा पुढे आहे. विषुवदिनी सगळे ठिपके एका सरळ रेषेत येतात आणि ती रेषा नेमकी पूर्व-पश्चिम असते. इतर दिवशी ती वाकते. सकाळी ११ ते दुपारी अडीच असे जास्त ठिपके घेतले तर सरळपणा डोळ्यांना दिसतो. इतर दिवशी पूर्व-पश्चिम काढायची असेल तर काठीभोवती वर्तुळ काढून, मध्यान्हीआधी आणि नंतर सावलीचं टोक जिथे वर्तुळाला शिवतं ते दोन बिंदू जोडायचे. ही शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, युक्ती कात्यायन शुल्बसूत्र या प्राचीन भूमितीच्या ग्रंथात आहे. मोबाइलचा होकायंत्र स्लॅबमधल्या लोखंडी सळ्यांपाशी भलतीकडे वळतो, सावली वळत नाही.

सोसायटीत ज्यांनी 'पूर्वाभिमुख' म्हणून जास्त पैसे मोजून फ्लॅट घेतले आहेत त्यांना ही रेषा दाखवायची की नाही, हे कमिटीने ठरवावं.

जाता जाता: २० मार्चला दिवस आणि रात्र समान नसतात. ठाण्यात त्या दिवशी सूर्य साधारण ६:४२ ला उगवतो आणि ६:४९ ला मावळतो. सूर्याची वरची कड दिसली की उदय धरतात आणि वातावरणाच्या वक्रीभवनामुळे सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो, म्हणून दिवसाला ७ मिनिटं फुकट मिळतात. आपल्याकडे खरी बरोबरी आठवडाभर आधी, १३-१४ मार्चच्या आसपास होते.

---

दाते_नव्हे_घेते

पानगळीच्या प्रश्नाआधी एक आडवा प्रश्न: वसंत नेमका कधी? कारण त्यावर आपल्याकडे एकमत नाही.

शाळेत पाठ केलेलं 'चैत्र-वैशाख वसंत'. त्या हिशोबाने वसंत गुढीपाडव्याला सुरू होतो, पण मग वसंत पंचमी येते माघात, म्हणजे भर शिशिरात. पंचांग नीट उघडून पाहिलंत तर १८-१९ फेब्रुवारीच्या आसपास 'सौर वसंत ऋतू प्रारंभ' असं बारीक अक्षरात दिसेल. तो सूर्याच्या सायन, म्हणजे विषुवदिनाच्या सूर्यस्थानापासून मोजलेल्या, मीन प्रवेशावरून धरलेला. खगोलभौतिकीचे शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून जी राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली, तिच्यातही फाल्गुन-चैत्र वसंत आहे. तिचा चैत्र १ येतो २२ मार्चला, लीप वर्षी २१ ला. आकाशवाणीवर 'शके अमुक' म्हणून जी तारीख सांगतात ती हीच.

हा घोळ संपातबिंदू, म्हणजे विषुवदिनी सूर्य असतो ती आकाशातली जागा, ताऱ्यांच्या तुलनेत सरकण्याचा. साधारण ७२ वर्षांत १ अंश. म्हणून निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेली, मेष संक्रांत आज १४ एप्रिलच्या आसपास पडते आणि खरा विषुवदिन २० मार्चला होऊन गेलेला असतो. मकर संक्रांतीचंही तेच, उत्तरायण तिच्या तीन आठवडे आधीच सुरू झालेलं असतं.

हवामान खात्याने तर भांडणच मिटवलं आहे. त्यांच्या वर्गवारीत जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा आणि मार्च ते मे मान्सूनपूर्व काळ. वसंताला जागाच नाही. 'होळी जळाली, थंडी पळाली' हेच आपलं खरं वेळापत्रक. मार्चमध्ये पूर्वेचे वारे जोर धरून बसले आणि समुद्रावरचा वारा उशिरा आला की काय होतं, हे पाहायचं तर सांताक्रूझची २८ मार्च १९५६ ची नोंद बघा: ४१.७ अंश. ठाणे आणखी आत, खाडीच्या टोकाला, म्हणजे तो वारा इथे पोचायला अजून थोडा उशीर.

---

पाचोळा

आठवीतल्या त्या मुलीला सांगा की प्रश्न बरोबर आहे, पुस्तकातलं चित्र थंड प्रदेशातलं आहे. तिथे झाड थंडीमुळे पानं टाकतं, आपल्याकडे पाण्यामुळे. ऑक्टोबरपासून पाऊस नाही, मार्चपर्यंत जमिनीतला ओलावा खाली गेलेला, आणि पानं तर दिवसभर बाष्प सोडत असतात. मग झाड पानातलं उपयोगी नत्र वगैरे परत खेचून घेतं, देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सैल होतो आणि पान सुटतं. लगेच नवी पालवीही येते, म्हणजे पावसाच्या पहिल्या दिवशी कारखाना तयार. तेव्हा आपल्याकडे पानगळ आणि पालवी हातात हात घालून येतात. एकाच फांदीवर दोन्ही बघायचं असेल तर पिंपळ पाहा, नवी पानं तांब्यासारखी लाल. देशी बदाम पडण्याआधी पानं लालबुंद करतो. काश्मीरच्या चिनाराचं ठाणे-आवृत्तीतलं रूप.

तुमची चार पोती बहुधा पर्जन्यवृक्षाची. तो पाला जाळू नका, दम्याच्या पेशंटना त्रास होतो आणि मनाईही आहे. त्याची पानं शेंगवर्गीय आणि बारीक, त्यामुळे लवकर कुजतात. २०० लिटरच्या ड्रमला सगळीकडून बोटाएवढी भोकं पाडा, तळाला फांद्यांचे तुकडे घाला. मग तीन घमेली पाला, एक घमेलं भाजीचा ओला कचरा, वर दोन मुठी जुनं खत किंवा शेण, असे थर. मूठभर घेऊन दाबलं की हाताला ओल लागावी, पाणी ठिबकू नये. आठवड्यातून एकदा खालचं वर करा. दोन-तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत होतं.

अमोनियाचा वास आला तर ओला कचरा जास्त झालाय, पाला वाढवा. महिना झाला तरी आत हात घातल्यावर ऊब नाही तर कोरडं पडलंय किंवा नत्र कमी आहे; शेणाचं पाणी शिंपडा. बदामाची आणि फणसाची जाड पानं आधी चुरडा, नाहीतर ती पत्रावळीसारखी एकावर एक बसतात आणि आत हवा जात नाही. पर्जन्यवृक्षाच्या चिकट गोड शेंगा मात्र वेचून काढा. त्यांचं बी कुजत नाही, पुढे प्रत्येक कुंडीत पर्जन्यवृक्ष उगवतो.

---

येऊर_रविवार

आमच्या दुर्बिणीतून येऊरच्या डोंगरावर लाल झालेली झाडं दिसतात. गुलमोहर यंदा मार्चमध्येच फुलला म्हणायचा!

---

पाचोळा

गुलमोहर नाही, तो एप्रिल-मेचा. झाड फुलांऐवजी पानांनी लाल दिसत असेल तर कुसुंब, त्याची कोवळी पालवीच लाल असते. फुलं असतील तर जवळून बघा: पाच जाड, मांसल पाकळ्या आणि खोडावर काटे म्हणजे काटेसावर; केशरी, पोपटाच्या चोचीसारखी फुलं आणि मखमली काळपट देठ म्हणजे पळस; फांदीच्या टोकाला लाल फुलांचा लांब तुरा म्हणजे पांगारा. तिघंही पानं टाकून फुलतात, पक्ष्यांना लांबून दिसावं म्हणून. आणि ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला जी गुलाबी झाडं दिसतात ती टॅबेबुया, मूळची अमेरिकेतली.

---

घोडबंदर_किलबिल

सगळ्यांचे आभार, काठी आणि बादली जमवली. एक अडचण उरली. बी विंगने कळवलंय की गच्चीवर अंडी चालणार नाहीत. शाकाहारी पर्याय?

---

अर्धा_कप_चहा

परातीत मुसळ उभं करा. ग्रहणात आपोआप उभं राहतं म्हणतात ना, तेच. तळ सपाट, खाली लोखंडी कडं असल्याने वजन बुडाशी. ते ग्रहण नसतानाही उभं राहतं आणि वाऱ्याने पडतही नाही. परातीत पाणी घातलं नाही तरी चालतं.

ए विंगच्या मुलांना खाली पार्किंगमध्ये न्या आणि कडक उकडलेलं अंडं आडवं ठेवून जोरात भिंगरीसारखं फिरवायला सांगा. पुरेसा वेग मिळाला तर ते फिरता फिरता उठून टोकावर उभं राहतं. हे घर्षणामुळे होतं. याचं नीट गणित मोफॅट आणि शिमोमुरा या दोघांनी २००२ साली मांडलं. कच्चं अंडं असं उठत नाही, आतला द्रव मागे राहतो. उकडलेलं कोणतं आणि कच्चं कोणतं हे ओळखायलाही हीच रीत. मात्र कच्चं-उकडलेलं सरमिसळ झालेल्या टोपलीवर हा प्रयोग पार्किंगमधल्या कुणाच्या गाडीच्या बॉनेटवर करू नये.