अनुभव धागा: दिव्यांगांचा बस-रेल्वे प्रवास, नेमकं अडतं कुठे?

बसथांबे, रेल्वे स्थानकं, विमानतळ दिव्यांगांना वापरता यावेत, ही जबाबदारी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 41 ने सरकारवर टाकली आहे. त्यासाठीचे किमान निकष ऐच्छिक नकोत, बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलं. ते ठरवताना रोज प्रवास करणाऱ्यांचं म्हणणं कुणी विचारणार आहे का? म्हणून हा धागा. कुठे अडतं आणि काय केलं तर सुटेल, दोन्ही लिहा.

सुरुवात मी करते. मी व्हीलचेअर वापरते. लो-फ्लोअर बस आल्या आणि मी एकटी बाहेर पडायला लागले, हे आधी सांगायलाच हवं. दारात दुमडलेला रॅम्प असतो, कंडक्टरने ओढून उलटला की झाली वाट. पण बस फुटपाथला लागून उभी राहिली तरच. थांब्यासमोर रिक्षा, दुचाक्या लावलेल्या असतात, मग बस भर रस्त्यात थांबते. बसचा तळ रस्त्यापासून साधारण 400 मिमी उंच. रॅम्प फुटपाथवर टेकला तर चढ सोपा असतो. रस्त्यावर टेकला तर इतका उभा होतो की मागून दोघांनी ढकलावं लागतं. थांब्यापुढे बसच्या लांबीएवढी जागा मोकळी ठेवा, एवढंच मागणं आहे.

दृष्टिहीन प्रवासी, मुंबई
लोकलचा दिव्यांग डबा जिथे येतो तिथे फलाटावर बीप वाजत असतो. त्या रोखाने चालत गेलं की डबा बरोबर समोर येतो. फार मोलाची सोय आहे ही. त्या डब्याच्या दारात धडधाकट माणसं लटकलेली असतात, त्याला मात्र बीपचा उपयोग नाही.

कर्णबधिर विद्यार्थिनी
फलाट बदलल्याचं फक्त भोंग्यावर सांगतात. लोक पळायला लागले की मला कळतं. इंडिकेटरवर तेच त्याच क्षणी दिसायला हवं.

एक आई, सातारा जिल्हा
मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. एसटीत त्याला 75 टक्के सवलत मिळते, खूप आधार आहे तिचा. पण सकाळी गावातून वडाप, म्हणजे खासगी प्रवासी जीपच मिळते. तिथे सवलत नाही आणि जीपच्या मागच्या पायरीवरून त्याला उचलूनच आत घ्यावं लागतं. पोरगं आता माझ्या खांद्याला लागलंय. तालुक्याला थेरपीच्या वेळेवर पोचेल अशी एक एसटी सुरू झाली, तर आमचा अर्धा प्रश्न सुटेल.

शहर बसचालक
ताई, तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. गाडी कडेला घातली की परत बाहेर काढायला कुणी जागा देत नाही, म्हणून आम्ही बाहेरच थांबतो. व्हीलचेअर दिसली तर मी आत घेतोच. पण शेडमध्ये मागे बसलेलं माणूस लांबून दिसत नाही. बस ज्या बाजूने येते त्या टोकाला व्हीलचेअरसाठी जागा आखून द्या, म्हणजे आम्हाला आधीच गाडी कडेला घेता येईल.