प्रश्न श्रद्धेचा नाही, पाटी लपवण्याचा आहे

हॉलिवूडमधल्या सायंटॉलॉजी पंथाच्या नटनट्यांचा विषय निघाला की म्हटलं जातं, नटनट्यांचा धर्म हा त्यांचा खाजगी मामला. मान्य. पण या पंथाची अमेरिकी अभिनेत्री कर्स्टी अ‍ॅली टीव्हीवर 'नार्कोनॉन'चं कौतुक करायची तेव्हा प्रेक्षकाला दिसायचं ते व्यसनमुक्ती केंद्र. तिथले उपचार, म्हणजे नायसिनचे (ब-3 जीवनसत्त्वाचे) मोठे डोस आणि रोज तासन्‌तास सॉना, सायंटॉलॉजीचा संस्थापक रॉन हबर्डचे, हे मुलाखत घेणाऱ्याने विचारायला नको? ही नार्कोनॉनचीच मंडळी कॅलिफोर्नियातल्या शाळांमध्ये व्याख्यानं देत होती. चरबीत साठलेली ड्रग्ज घामावाटे निघतात, असलं काहीबाही. अखेर 2005 मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने शाळांना हा कार्यक्रम बंद करायला सांगितलं.

'सिटिझन्स कमिशन ऑन ह्यूमन राइट्स' हे नावही बघा. एखादा सरकारी आयोग वाटावा! 1969 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ थॉमस सास यांना सोबत घेऊन ही संस्था काढली सायंटॉलॉजीच्या चर्चनेच, आणि रोख सगळा मानसोपचारांवर.

पण कडी झाली ती 'कल्ट अवेअरनेस नेटवर्क'च्या बाबतीत. पंथांत अडकलेल्यांच्या नातेवाइकांना माहिती देणारी ही संस्था खटल्यांपायी 1996 मध्ये दिवाळखोरीत गेली, तिचं नाव आणि फोन नंबर सायंटॉलॉजीशी संबंधित लोकांकडे गेले. म्हणजे घाबरलेल्या आईने जुन्याच नंबरवर फोन लावायचा आणि उचलणार कोण, तर तेच!